पाठीवरचें ओझें

गणेशोत्सवाला आठवडा उरला असतां, २०२३ च्या सप्टेंबरांत, आमच्या कोलोरॅडोंतील भाच्याचा निरोप दूरध्वनीच्या पडद्यावर उमटला. मातोश्रींची दृष्टि आतां अधू झाली आहे, म्हणून आम्हीं तो त्यांस मोठ्यानें वाचून दाखविला : “मामा, पुढचे आठ दिवस माझ्याशीं बोलणें होणार नाहीं. आम्ही चौघे डोंगरांत शिकारीला जात आहों. सामान वाहायला चार लामा भाड्यानें घेतले आहेत. आजीला म्हणावें, काळजी करूं नकोस.” मातोश्रींनीं हातांतली वात तशीच तबकांत ठेवली. नातवानें शिकारीस जावें हें एक पातक. आणि तिबेटांतल्या चार साधूंना भाड्यानें धरून त्यांच्या पाठीवर तंबू व भांडीं लादावीं, हें दुसरें. या दोहोंत थोर कोणतें, याचा निर्णय त्यांस चटकन् करवेना. आम्ही हंसूं लागलों, तेव्हां त्या अधिकच रागावल्या.

वस्तुतः हा लामा बौद्ध नव्हे, चतुष्पाद आहे. दक्षिण अमेरिकेंतील आंदीज पर्वताच्या रहिवाशांच्या क्वेचुआ भाषेंतून हा शब्द स्पॅनिश लोकांनीं उचलला. तिबेटी शब्दाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. नातें आहे तें उंटाशीं. उंटांच्या कुळाचें मूळ अरबस्तानांत नसून उत्तर अमेरिकेंत आहे, हें ऐकून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. कोट्यवधि वर्षें हें कूळ तेथेंच वाढलें. पुढें त्याची एक शाखा, आज जेथें बेरिंगची सामुद्रधुनी आहे तेथें त्या काळीं असलेल्या भूमीवरून आशियांत उतरली व तिचे उंट झाले; दुसरी दक्षिणेस गेली व तिच्यांतून ग्वानाको आणि विकुन्या हीं रानटी जनावरें निपजलीं. मूळच्या घरीं मात्र हिमयुगाच्या अखेरीस, दहा-बारा हजार वर्षांपूर्वीं, या कुळांतलें कोणी उरलें नाहीं. ग्वानाकोला आंदीजमधील लोकांनीं कांहीं हजार वर्षांपूर्वीं माणसाळविलें, तोच हा लामा. तेव्हां कोलोरॅडोच्या डोंगरांत फिरणारा लामा हा आपल्या पूर्वजांच्या गांवीं परत आलेला घरचाच मनुष्य म्हणावयाचा. आमच्या भाच्यास तेथें अजून परदेशी समजतात, तें वेगळें.

लामाला वशिंड नसतें. मान उंच, कान केळ्यासारखे आंत वळलेले, अंगावर दाट लोंकर. वजन सव्वाशेपासून दोनशे किलोंपर्यंत. पण पाठीवर घेतो तें पंचवीस ते पस्तीस किलोच. माणूस त्यावर बसत नाहीं. दोन बाजूंस दोन पिशव्या सोडून, म्हणजे आपल्याकडील कंठाळच घालून, त्याला दोरीनें धरून पुढें आपण चालावयाचें. एवढ्याशा भारासाठीं एवढें मोठें जनावर कां पाळावें, अशी शंका आम्हांस आली व आम्हीं ती भाच्यास विचारली. त्यानें सांगितलेलीं कारणें विचार करण्याजोगीं वाटलीं. अमेरिकन सरकारनें १९६४ सालीं कायदा करून जीं अरण्यें जशींच्या तशीं राखलीं आहेत, त्यांत मोटार चालत नाहीं, सायकलसुद्धां चालत नाहीं. घोडा नेला तर त्याचा दाणागोटा वेगळा वाहावा लागतो आणि त्याच्या नालांनीं ओली पाऊलवाट फुटते. लामाच्या पायाला उंटासारखी मऊ गादी व पुढें दोन नखें. तो चालून गेला तर वाटेला कळतही नाहीं. वाटेंत मिळेल तो पाला ओरबाडतो आणि थोड्या पाण्यावर भागवितो. शिवाय रात्रीं तळावर बांधलेले लामा एखाद्या दिशेकडे कान टवकारून एकटक पाहूं लागले, कीं तेथें अस्वल किंवा हरिण आहे असें समजावें. माणसाच्या डोळ्यांस तें मागाहून दिसतें.

शिकार होती ती एल्क नांवाच्या हरणाची. आपल्या सांबराहून हें जनावर थोर. नराचें वजन तीनशे किलोंच्याही वर जातें. सप्टेंबरांत हे नर माजावर येऊन शीळ घातल्यासारखे ओरडतात, आणि त्याच महिन्यांत धनुष्यबाणानें शिकार करणारांस परवाने मिळतात. परवाना व धनुष्य भाच्याच्या एका मित्राचें होतें. भाच्याकडे स्वयंपाक आणि लामा. हें कळल्यावर मातोश्री किंचित् निवळल्या, तथापि “दशरथाचें काय झालें तें विसरलास का रे?” एवढें त्यांनीं त्याला विचारलेंच.

पण आम्हांस जें सांगावयाचें आहे तें याच्या पुढचें आहे. एवढ्या मोठ्या हरणाचीं हाडें काढून टाकलीं तरी मांस नव्वद-शंभर किलो भरतें. तें रानांत टाकून शिंगें तेवढीं घेऊन येणें हा कोलोरॅडोंत कायद्यानें गुन्हा आहे. खाण्याजोगें जें जें आहे तें बाहेर आणलेंच पाहिजे, आणि दिवसा ऊन्ह असेल तर तें नासावयाच्या आंत आणलें पाहिजे. चार लामा म्हणजे शंभर-सवाशे किलो. तळ, अन्न, अंथरुणें यांचें ओझें त्यांतच. यास्तव शिकार्‍याला बाण लावण्याच्या आधीं बेरीज-वजाबाकी करावी लागते. तिसर्‍या दिवशीं एका लामाच्या पुढच्या पायांत कांहीं बोंचलें आणि तो बसला. उठेना. त्याचें ओझें इतर तिघांवर व चौघां माणसांवर वांटून घेतलें. त्याच संध्याकाळीं एका खोल दरीच्या तळाशीं, अगदीं चाळीस पावलांवर, मोठा नर येऊन उभा राहिला. मित्रानें धनुष्य ओढलें, क्षणभर धरलें आणि खालीं घेतलें. तीन लामा, दरीचा चढ आणि वाटेवर मोटार उभी होती तेथपर्यंतचें बारा किलोमीटर अंतर, एवढाच हिशेब त्यानें मनांत केला. मंडळी रिकाम्या हातानें परतली.

“हिशेबानें का होईना, वांचला,” मातोश्री म्हणाल्या. आम्हांस मात्र ती हकीकत कित्येक दिवस सोडीना. दयेनें हात आवरणारे लोक आम्हीं पाहिले आहेत, भीतीनें आवरणारे त्याहून अधिक. परंतु बसून राहिलेल्या एका जनावराच्या पाठीवरून आपल्या हांवेचें माप घेणारा माणूस आम्हांस नवीन होता.

लामाचें हें बसणें मोठें प्रसिद्ध आहे. ओझें जास्त झालें, वाट फार लांबली किंवा त्याच्या मनास आलें, कीं तो पाय दुमडून खालीं बसतो. फार छेडल्यास थुंकतो. पोतोसीच्या डोंगरांत १५४५ सालीं चांदी सांपडल्यावर ती वाहण्यासाठीं स्पॅनिश लोकांनीं लामांचे कळपच्या कळप जुंपले. होसे दे आकोस्ता नांवाच्या पाद्र्यानें १५९० सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत या तांड्यांचें वर्णन केलें आहे. त्यांत तो सांगतो कीं, जनावर एकदां रुसून बसलें म्हणजे त्याला मारून, कापूनसुद्धां उठवितां येत नाहीं. तेथील माणसें मग त्याच्याशेजारीं बसून त्याला गोंजारतात आणि कधीं कधीं दोन-तीन तास त्याची समजूत पटण्याची वाट पाहतात. चांदीच्या खाणींत ज्या माणसांना राबविलें, त्यांना बसून राहण्याची ही सोय नव्हती.

आपल्या वर्‍हाडांतही पाठीवरचें ओझें हीच एके काळीं सगळ्या व्यापाराची तर्‍हा होती. वंजारी-लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून देशभर हिंडत. तावेर्निये या फ्रेंच जवाहिर्‍यानें सतराव्या शतकांत एकेका तांड्यांत दहा-बारा हजार बैल असल्याचें लिहून ठेवलें आहे. अडगांवच्या मैदानांत १८०३ च्या नोव्हेंबरांत लढलेल्या वेलस्लीच्या फौजेचें पोटही अशाच तांड्यांवर अवलंबून असे. पुढें आगगाडी आली. खामगांवचा फांटा १८७० सालीं सुरू झाला, आणि घाटाखालच्या कापसाला बैलाच्या पाठीची गरज उरली नाहीं. तांडा हा शब्द आतां वस्तीचें नांव म्हणून राहिला आहे.

तरी पाठीवरचें ओझें अमडापुरांतून अगदींच गेलेलें नाहीं. सोयाबीन निघालें, रानें मोकळीं झालीं, कीं बल्लाळदेवीच्या टेकडीपलीकडे धनगरांचे तळ दिसूं लागतात. आमच्या शेतांत एकच कुटुंब वर्षानुवर्षें मेंढ्या बसवितें. रात्रीं जाळीच्या कुंपणांत मेंढ्या बसतात, त्यांच्या लेंड्या-मुतानें जमीन खतावते, आणि आम्ही धान्य व कांहीं रोख देतों. व्यवहार जुना आहे. आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. त्या कुटुंबाचा सगळा संसार एका पांढुरक्या घोडीवर असतो. पीठ, भांडीं, घोंगड्या, पालाचें कापड, वर उलटी घातलेली बाज, बाजेच्या पायांस पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि दोहों बाजूंच्या पिशव्यांतून मुंडकीं बाहेर काढलेलीं चालूं न शकणारीं कोंकरें. घोडीवर माणूस बसलेला आम्हीं कधीं पाहिला नाहीं. त्या घरची म्हातारीदेखील दोरी धरून पुढें चालते.

त्या दिवाळीस भाचा आला होता. लामांच्या संगतीचा वारा अद्याप अंगांतून गेला नव्हता. तळ हलण्याच्या दिवशीं तो पहांटेस शेतावर हजर. परदेशांतून येणार्‍या मंडळींजवळ पेटी तोलण्याचा आंकड्याचा एक लहानसा काटा असतो, तो त्यानें बरोबर घेतला होता. लामाच्या दोन पिशव्यांत अर्ध्या किलोहून अधिक फरक पडला तर खोगीर सरकतें व पाठ सोलली जाते, म्हणून तिकडे निघण्यापूर्वीं प्रत्येक पिशवी तोलतात. त्यानें म्हातारीस विनंति करून तिच्या दोन्ही पिशव्या काट्याला लावल्या. एक सत्तावीस किलो भरली, दुसरी साडेसव्वीस. नुसत्या हातानें उचलून तिनें त्या भरल्या होत्या. पीठ एका बाजूला कमी पडलें तेथें पाट्याचा वरवंटा घातला होता. भाचा थक्क झाला. म्हातारीला त्याच्या थक्क होण्याचें नवल वाटलें.

“काट्याले काय इचारता, बापू ? घोडीले इचारा,” ती म्हणाली. “तिचा कान मांगं गेला का समजा, एक बाजू जड झाली.”

बाज, पाल आणि कोंकरें धरून ओझें सत्तर किलोंच्या आसपास जात होतें. हा आंकडा आम्हीं मुद्दाम देत आहों. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांचा छळ होऊं नये म्हणून भारत सरकारनें १९६५ सालीं नियम केले आहेत. त्यांत पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा तट्टाला ७० किलो, गाढवाला ५०, खेचराला २००, उंटाला २५० अशी घातली आहे. जनावराला दिवसांतून नऊ तासांहून अधिक राबवूं नये, सलग पांच तासांहून अधिक चालवूं नये, आणि उष्णमान ३७ अंशांच्या वर असेल तेथें दुपारीं बारा ते तीन जुंपूं नये, असेंही तेथें लिहिलें आहे. वर्‍हाडांत चैत्र-वैशाखांत ३७ अंश सकाळींच होतात. हे नियम त्या म्हातारीनें ऐकलेले नाहींत. आणि ज्यांनीं ऐकले असावेत अशीं आपल्यासारखीं शिकलेलीं माणसें वाळूच्या पाट्या वाहणार्‍या गाढवांच्या रांगेस आपल्याच घराच्या बांधकामावर कधीं मोजून पाहत नाहींत.

घोडी म्हातारी झाली होती. पाठीच्या उंचवट्यावर जुन्या जखमेचा पांढरा वण होता, आणि ओढा उतरतांना तिचा पुढचा पाय अडखळतांना आम्हीं पाहिला. मुलाचें म्हणणें, घोडी विकावी आणि तीन चाकांची मालगाडी घ्यावी, हप्त्यानें मिळते. पोरांना गांवांतल्या शाळेजवळ ठेवतां येईल, पावसाळ्यांत पीठ भिजणार नाहीं. म्हणणें खोटें नव्हतें. आमच्या सौभाग्यवतींनीं तर त्याचीच बाजू घेतली, कारण त्याच्या धाकट्या मुलीनें गेल्या पावसाळ्यांत पालाखालीं काढलेला ताप त्यांना ठाऊक होता. म्हातारीचें उत्तर एकच : “गाडीले रस्ता लागते, माय. मेंढरं रस्त्यानं चरते का ?”

या एका वाक्यांत सगळा पेंच होता. मेंढ्या जातात बांधाबांधानें, पडीक माळानें, नाल्याच्या कांठानें. बिर्‍हाड त्यांच्या मागोमाग गेलें तर रात्रीं भाकरी व जाळी दोन्ही जागेवर मिळतात. गाडी रस्त्यानें गेली तर बिर्‍हाड एकीकडे व कळप एकीकडे. तशांत चरण्याचीं रानें आंखडत चाललीं आहेत. इकडे ज्ञानगंगेचें रान १९९७ सालीं अभयारण्य झालें. तें व्हावयासच पाहिजे होतें; टिपेश्वरापासून शेंकडों कोस चालत आलेला तो गळपट्टेवाला वाघ २०१९ च्या डिसेंबरांत याच रानांत येऊन राहिला, तेव्हां आम्हांसही अभिमान वाटला होता. पण मेंढपाळाची एक वाट त्यामुळें बंद झाली, हेंही तितकेंच खरें. आमचे शेजारी रोह्यांनीं तूर खाल्ली म्हणून रात्र रात्र मचाणावर बसतात. त्यांनीं भाच्याची हकीकत ऐकून “त्या धनुष्यवाल्या दोस्ताले इकडं बोलवा” असें हंसत सुचविलें. १९७२ चा कायदा त्यांना ठाऊक आहे. थट्टा होती, पण सबंध थट्टा नव्हती.

घोडीचें काय करावें याविषयीं आम्हांस कोणी विचारलें नव्हतें, तरी आमच्या घरांत त्यावर पुष्कळ चर्चा झाली. एका परिचितांनीं सुचविलें कीं, अशा जनावरांच्या छळाची कोठें तरी तक्रार द्यावी म्हणजे घोडी सुटेल. आम्हांस तें पटलें नाहीं, आणि न पटण्याचें कारण आमच्या विभागांतच घडलेलें आहे. २०२२ च्या जानेवारींत अमरावती जिल्ह्यांत कच्छहून चालत आलेले ५८ उंट पोलिसांनीं अडविले. कत्तलीसाठीं नेले जात आहेत अशी तक्रार झाली होती. हांकणारे रबारी पकडले गेले, उंट गोरक्षणांत बांधले गेले. हे रबारी पिढ्यान् पिढ्या विदर्भांत मेंढ्या घेऊन हिंडत आले आहेत. त्यांचेंही बिर्‍हाड, बाजा, पोरें आणि कोंकरें उंटाच्या पाठीवर असतात, आणि उंट त्यांच्याच आप्तांसाठीं येत होते. न्यायालयाच्या आज्ञेनें पुढें ते परत मिळाले. परंतु मधल्या काळांत, हिंडून झाडपाला ओरबाडण्याची सवय असलेलें हें जनावर एका आवारांत वैरणीवर उभें राहिलें. तक्रार करणारांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. उंट काय खातो आणि कोणाबरोबर राहतो हें विचारण्यास त्यांना वेळ झाला नाहीं. आमच्या परिचितांनाही घोडीचें वय म्हातारीस विचारावें असें सुचलें नव्हतें.

दरम्यान हाच प्रश्न दुसर्‍या वाटेनें आमच्या घरांत शिरला. २०२४ च्या वैशाखांत केदारनाथास जाण्याचा बेत होता. गौरीकुंडापासून वर सोळा किलोमीटरांचा चढ आहे. आमच्या वडील भगिनी, म्हणजे भाच्याच्या मातोश्री, यांचे गुडघे धरलेले. त्यांच्यासाठीं खेचर ठरवावयाचें, हें आम्हीं गृहीतच धरलें होतें. तिकडून भाच्यानें विचारलें, “मामा, त्या खेचराला बसतां येतें का ?” प्रश्नाचा अर्थ आम्हांस लगेच समजला. २०२२ च्या यात्रेंत त्या वाटेवर पुष्कळ घोडीं-खेचरें मेल्याचें वर्तमानपत्रांत आलें होतें आणि गार्‍हाणें उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें होतें. वजनाचा हिशेब केला तर आक्का व खोगीर मिळून नियमांतल्या दोनशे किलोंच्या पुष्कळ आंत बसतात. दोष वजनांत नाहीं, फेर्‍यांत आहे. यात्रा सहा महिन्यांची, भाड्याची गर्दी त्यांतल्या दोन महिन्यांची; मालकानें जनावरासाठीं कर्ज काढलेलें असतें. एक फेरी पुरी करून आलेल्या खेचरावर दुसरा यात्रेकरू बसतो, पाणी वाटेंत मिळालें तर मिळालें. खेचर बसत नाहीं. तें चालतें, आणि मग एकदम पडतें.

आक्कांनीं ऐकून घेतलें व सांगितलें, “मी गौरीकुंडाहूनच हात जोडीन.” मातोश्री यावर संतापल्या. “देव काय तुझ्या गुडघ्यांचा हिशेब मागतो ? आयुष्यांत एकदां जायचें, तें अर्ध्या वाटेवरून परत यायचें ?” डोलीचा विचार निघाला, पण चार माणसांच्या खांद्यावर बसणें खेचरावर बसण्यापेक्षां चांगलें कसें, हें कोणालाच सांगतां येईना. डोलीवाला ओझें नाकारूं शकतो, असें आमचे बंधु म्हणाले. उपाशी माणूस कितपत नाकारूं शकतो, असें सौभाग्यवतींनीं विचारलें. तो वाद रात्रीं अकरापर्यंत चालला आणि कोणीही जिंकलें नाहीं. दुसर्‍या दिवशीं आक्कांनीं स्वतःच तोड काढली. खेचर घ्यावयाचें, पण मालकाला दोन फेर्‍यांचे पैसे देऊन त्या दिवशीं एकच फेरी करून घ्यावयाची. पहांटे निघावयाचें, आणि वाटेंतल्या प्रत्येक पाण्यापाशीं उतरून जनावरास पाणी पाजल्याशिवाय पुढें जावयाचें नाहीं. खर्च दुप्पट. त्यासाठीं परतीचा हरिद्वारचा मुक्काम एक दिवसानें कमी केला.

प्रत्यक्षांत गौरीकुंडास हा सौदा सांगितला तेव्हां खेचरवाला तरुण प्रथम संशयानें पाहूं लागला. दुप्पट पैसे देणारा यात्रेकरू म्हणजे कांहीं तरी घोटाळा, असें त्याला वाटलें असावें. कितवी फेरी, हा प्रश्नही त्याला कोणी पूर्वीं केला नव्हता. मग त्यानें सरळ सांगितलें कीं हें जनावर काल सायंकाळीं उशिरा खालीं आलें आहे, तुम्ही दुसरें घ्या. आणि आपल्या भावाचें खेचर आणून दिलें. आक्का वर पोंचल्या. उतरणीच्या अर्ध्या वाटेवर त्या खालीं उतरून चालूं लागल्या, तें मात्र दयेनें नव्हे. उतरणीवर खोगिराचा पुढचा दांडा पोटास रुततो. आम्हीं चढतांना वाटेंत एकूण किती खेचरें वरून खालीं येतांना थरथरत होतीं तें मोजावयाचें ठरविलें होतें. पहिल्या तासानंतर मोजणें सोडून दिलें.

२०२४ च्या कार्तिकांत धनगरांचा तळ पुन्हां आमच्या शेतांत पडला. नांदेडकडील माळेगांवच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते व तींत घोड्यांचा आणि गाढवांचा मोठा बाजार होतो. मागल्या खेपेस तेथून त्यांनीं एक तांबडी शिंगी घेतली होती. त्यासाठीं चौदा मेंढ्या गेल्या. मुलानें तीन चाकांची गाडीही घेतली आहे. हप्ते चालू आहेत. गाडी पीठ आणि पोरें घेऊन रस्त्यानें पुढच्या गांवीं जाते, नातवंडें शाळा सुटल्यावर तेथें भेटतात; बाज, पाल, जाळी आणि भाकरीचा तवा शिंगीवर कळपामागून येतो. कधीं गाडी आधीं पोंचते, कधीं शिंगी. एके रात्रीं पीठ एका गांवीं व तवा दुसर्‍या गांवीं राहिल्यामुळें सर्वांना मुरमुर्‍यांवर भागवावें लागलें. म्हातारी हें सांगतांना मुलाकडे पाहत होती.

पांढुरकी घोडी विकली नाहीं. ती मागून येते. तिच्यावर आतां काय घालतां, असें आम्हीं विचारलें. कांहीं घालीत नव्हतों, असें म्हातारीनें सांगितलें. परंतु रिकामी सोडली कीं ती वाटेच्या कडेला जाऊन उभी राही आणि कान मागें टाकून पाहत बसे, पुढें चालेना. आम्हीं गेलों तेव्हां तिच्या पाठीवर एक जुनी पिशवी होती व पिशवींत दोन कोंकरें, एकेका बाजूस एक. त्यांतलें एक जरा मोठें होतें, म्हणून दुसर्‍या बाजूस तो वरवंटा.